चिखलदऱ्याच्या बंगल्याचं पत्र

हे मी आजवर कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही — ती जाऊन नऊ वर्षं झाली. पोराले नाही. देवासमोरही तोंडातून काढलं नाही. त्याले आधीच सगळं माहीत असते म्हणतात, मंग आपण काहून तोंड वाजवा? तुम्हाले सांगतो, कारण तुमची-माझी ओळख नाही आणि तुम्ही मधात बोलणार नाही. आमच्या घरात मधात न बोलणारं माणूस आता उरलं नाही.

परवा नातवानं डोकं उठवलं. त्याले आणि त्याच्या दोस्तांले शनिवार-रविवार नाशिकले जाचं होतं. तिथं म्हणे द्राक्षाचे मळे आहेत, त्या द्राक्षाची दारू करतात, ती प्याल्यात घेऊन आधी हुंगाची, मंग एक घोट घ्याचा आणि पुढच्या पिंपाजवळ जाचं. यासाठी लोक पैसे भरून जातात. म्हटलं, जा बापा. पण जाणार पाच जण आणि पाचाचं आठ दिवस फोनवर भांडण. एकाले हे हॉटेल नको, दुसऱ्याले ते नको, तिसऱ्याची गाडी लहान. शेवटी गाडीत चारच मावतात म्हणून त्यांनी एकाले गाळलं. माझ्या खाटेजवळ बसून. नातवानं त्याले फोन लावला आणि म्हणाला, "अरे, ते कॅन्सल झालं रे आपलं." फोन ठेवला आणि हसला.

मी त्याच्यावर असा ओरडलो की सूनबाई लाटणं हातात घेऊन धावत आली. आजोबाले काय झालं? काय सांगू काय झालं? पंख्याचा आवाज येते म्हटलं.

आता तुम्ही म्हणसान, म्हातारा एवढा भडकला म्हणजे त्याचंही काही असन. आहे. पण मले सरळ सांगता येणार नाही, मले फिरून फिरून यावं लागते. सरळ सांगता आलं असतं तर पन्नासाच्या वर वर्षं काहून लागली असती?

तवा मी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात फिटर होतो. बावीस रेचे — रेचा म्हणजे कपाशीतून सरकी वेगळी करणारं यंत्र — आणि बावीसातला एकही माझा हात लागल्याबिगर चालू होत नसे. हे मी फुशारकीनं नाही सांगत. बरं, फुशारकीनंच सांगतो. माझ्याजवळ दुसरं होतं काय? शाळा म्हणाल तर दुसरी, तीही अर्धी. गुरुजीनं कान पिळला, मी गुरुजीच्या हाताले चावलो, शिक्षण संपलं.

नामदेव तिथंच गठाणीवर मार्का मारे. रुईची गठाण बांधून झाली की तिच्या बारदानावर कुंचल्यानं, काळ्या रंगात, नंबर आणि जिनाचं नाव लिहाचं, हे त्याचं काम. अक्षर छापल्यासारखं. सातवी शिकला होता. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, बौद्ध झाला, तवापासून तो मान खाली घालून कोणाशी बोलला नाही. मॅनेजरशीही नाही. मले ते खुपे का? खुपे. सांगून टाकतो. पण जिनातल्या दोनशे माणसांत मले आवडे तोही एकटा नामदेवच. एकाच माणसाबद्दल दोन्ही वाटू शकते का, हे शहाण्या लोकांले विचारा. मले वाटत होतं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही बॉयलरच्या मागं बसू. त्याची भाकर मी खाल्ली आहे, माझं लोणचं त्यानं खाल्लं आहे. तिथं पाहाले कोणी नसे — हे "पाहाले कोणी नसे" ध्यानात ठेवा, माझी सारी गोष्ट तेवढीच आहे. आणि तिथंच, फाटक्या बारदानाच्या तुकड्यावर, त्याच कुंचल्यानं त्यानं मले अक्षरं शिकवली. दोन हंगाम लागले. मी शिव्या देऊ, कुंचला फेकू, तो उचलून आणे आणि म्हणे, "बळीभौ, रेचा बिघडला तं तू असा फेकतं का? मंग अक्षर काहून फेकतं?" दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मी पगाराच्या कागदावर सही केली. बळीराम. कारकुनानं अंगठ्यासाठी काढलेली शाईची डबी परत बंद केली. त्या आवाजाइतका गोड आवाज मी पुढं ऐकला नाही.

तर फिराले जाचं डोकंही नामदेवाचंच. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या सालची गोष्ट. वैशाखात जिन बंद व्हाले आलं होतं, अकोल्याचं ऊन तुम्हाले सांगाले नको. त्यानं कुठंतरी वाचलं की चिखलदऱ्याले कॉफी होते. ते त्याच्या डोक्यातून निघेच ना. "आपल्याच बाजूच्या जिल्ह्यात कॉफीचं झाड हाय, भौ, अन् आपन पाह्यलं नाही."

बॉयलरवाला रहीमभाई म्हणाला, "झाड छोड, तूने कॉफी पी कब?"

"पिली नाही म्हनून तं पाह्याचं हाय."

असे आम्ही चौघं ठरलो — नामदेव, रहीमभाई, काट्यावर कपाशी मोजणारा वासुदेव आणि मी. दोन दिवसांचं फिरणं. पण ठरवता ठरवता जो ताप झाला, बापा रे बापा. वासुदेवाचा हट्ट, तिकडं रोडगे कराचे. करू ना. रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजाचे, त्याले काय लागते? पण हा म्हणे गोवऱ्या अकोल्याहूनच न्याच्या, पोतं भरून, डोंगरातल्या गोवऱ्यांचा भरोसा नाही. मी म्हटलं, यष्टीत गोवऱ्यांचं पोतं घेऊन बसशीन? तो म्हणे, मी मांडीवर घेतो. चार दिवस या गोवऱ्यांवर गेले. रहीमभाईचं वेगळंच, त्याले थंड हवाच नको; भट्टीसमोर उभं राहून त्याच्या अंगाची अशी सवय झालेली की पौष महिन्यात तो आजारी पडे. तरी येणार होता, कारण आम्ही त्याच्याशिवाय गेलो असतो तर तो आणखी आजारी पडला असता.

एकटा नामदेव भांडला नाही. त्यानं यष्टीच्या आगारात जाऊन वेळा उतरवून आणल्या. कागदावर सारं मांडलं: शनिवारी दुपारी अकोला सोडाचं, दर्यापूर, अंजनगाव, संध्याकाळी परतवाडा. तिथं मुक्काम. सकाळच्या गाडीनं वर चिखलदरा, सरकारी डाकबंगल्यात दोन दिवस. कॅनव्हासचे बूट घेतले त्यानं. जिनात घालून आला, दाखवाले. पांढरे, आणि त्याचं सारं काम काळ्या रंगाचं, म्हणून दिवसभर बूट काढून खिळ्याले टांगून ठेवले.

परतवाड्याले मुक्काम कुठं? इथं मी तोंड उघडलं. माझं सासर परतवाड्याचं. मी म्हटलं, "माझ्या सासरी उतरू. सासरा म्हंजे राजा मानूस, पंगत पाहसान तं याद ठेवसान." कोणी विचारलं होतं का? कोणीच नाही. रहीमभाईची तर आत्या बाजूले अचलपुरात होती, तो तिकडं जाणार होता. धर्मशाळा होती. पण मले मोठेपणा मिरवाचा होता. नामदेवानं कागदावर लिहून टाकलं — मुक्काम, बळीरामजींची सासुरवाडी. वाचूनही दाखवलं.

घरी जाऊन जेवाले बसलो आणि घास हातात राहिला. सासऱ्याची ओसरी डोळ्यासमोर आली. तिथं पंगत बसणार, गल्लीतले चार जण जावयाले भेटाले येणार, आणि विचारणार, हे पाव्हणे कोण? आडनाव काय? मंग?

बॉयलरच्या मागं भाकर खाणारा मी, आणि तरी मंग?

बंगल्यासाठी अमरावतीच्या कचेरीत अर्ज करा लागे. तो नामदेवानंच लिहिला, माझ्या नावानं, कारण वयानं मी मोठा. खाली चौघांची नावं. त्याच्या स्वतःच्या नावापुढं त्यानं लिहिलं — बौद्ध. कोणी मागितलं नव्हतं. वासुदेव म्हणाला, "अबे, बंगल्यात झोपाले जात लागते का?" नामदेव म्हणाला, "जात नाही लिहिली मी. लिहू दे. आमी दोन दिवस कोन होतो ते त्याईच्या कागदावर राहू दे."

मले राग आला. काहून आला, ते तवा कळलं नाही. आता कळते. त्यानं ते लिहिलं, आणि मले वाटलं, चला, यानं तरी ते नाही म्हणतीन. कचेरीच नाही म्हणून देईन आणि माझा गुंता आपोआप सुटन. मी रोज वाट पाहे — मंजुरीची नाही, नकाराची. देवाले नारळ बोललो असतो, पण असा नारळ कोणत्या देवाले बोलाचा?

पत्र आलं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, जिनाच्या फाटकावर पोस्टमननं माझ्या हातात दिलं. नामदेव तवा आत गठाणींजवळ होता. मी फाटकामागच्या लिंबाखाली जाऊन ते उघडलं आणि एक एक अक्षर जोडत वाचलं — आयुष्यात आलेलं माझं पहिलं पत्र, आणि ते मी स्वतः वाचलं. विश्रामगृहाच्या दोन खोल्या, बळीराम आणि इतर तिघे, यांस मंजूर. दोनदा वाचलं. कुठं अडलो नाही.

मंग ते घडी करून कोपरीच्या खिशात घातलं आणि आत जाऊन नामदेवाले म्हटलं, "नाही म्हटलं बापा त्याईनं. खोल्या भेटत नाही."

तो म्हणाला, "पत्र पाहू."

"घरी राहिलं."

त्यानं कुंचला खाली ठेवला. मंग हळूच म्हणाला, "मी ते नावापुढं लिहिलं, म्हनून असन का, भौ?"

आता इथं आलो मी. इथंच याचं होतं. मी म्हणू शकत होतो, छे, तसं काही नाही. म्हणू शकत होतो, खोल्या भरल्या असतीन. खोटं बोलाचंच होतं तर हे खोटं बोलता आलं असतं, त्यानं त्या माणसाले काही झालं नसतं. दोन दिवसांचं फिरणं बुडलं असतं, एवढंच. पण मी म्हटलं —

"असन."

एक शब्द. तुम्हाले वाटन, एवढंच? त्याच्या तोंडाकडं मी पाहत होतो म्हणून मले माहीत आहे एवढं किती आहे. आणि खरं सांगू? तो शब्द बोलल्यावर मले हलकं वाटलं. दोष माझ्या अंगावरून उतरून त्यानं लिहिलेल्या त्या शब्दावर जाऊन बसला होता.

वासुदेव आणि रहीमभाईले मी सांगितलं, नामदेवाच्या घरी अडचण आहे. दोघंही हळहळले. रहीमभाई म्हणाला, आपण तारीख पुढं ढकलू. ऐका, तो म्हणाला तसं. मीच म्हटलं, बंगल्याची तारीख बदलत नाही. जिन बंद झालं, नामदेव त्याच्या गावी गेला वलगावकडं, आणि शनिवारी आम्ही तिघं त्यानं काढून दिलेल्या वेळेच्या यष्टीनं निघालो. गोवऱ्यांचं पोतं कंडक्टरनं टपावर टाकाले लावलं आणि वासुदेव दर्यापूरपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.

सासऱ्याच्या ओसरीवर चार पाट मांडले होते; फुशारकीत मी आधीच चौघं येतो म्हणून चिठ्ठी धाडून बसलो होतो. त्यातला एक रहीमभाईचा. तो तर आत्याकडं गेला होता. सासरे म्हणाले, तुमच्या चिठ्ठीत चौघं होते, दोघंच काहून? मी सांगितलं, एक आत्याकडं गेला, एक आला नाही. कोण, म्हणाले. मी सांगितलं, कोण ते. पाहत होतो त्यांच्याकडं. ते ताटातलं वरण कालवत म्हणाले, "आनाचं होतं मंग." मनातून बोलले का वरवर, मले आजही माहीत नाही. मी त्यांले कधी विचारलंच नव्हतं. पुढंही विचारलं नाही. ते "आणू नको" म्हणतीन, हे मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं आणि पुढं वर्षानुवर्षं मनाशी म्हणत राहिलो की सासरवाडीमुळं करा लागलं. सासरवाडीनं काही केलं नाही. मी केलं.

आणि चिखलदऱ्याले आम्ही काय केलं? मजा केली. खोटं कशाले सांगू, मन खात होतं, घास उतरत नव्हता वगैरे? घास चांगला उतरला. रोडगे खरपूस झाले. पांघरूण घेऊन झोपलो, वैशाखात. रहीमभाईले पडसं झालं ते सोडलं तर कोणाचं काही बिघडलं नाही. बंगल्याच्या वहीत मी सही केली. कॉफीचं झाड पाहिलं. गर्द पानाचं झुडूप असते, फार काही नाही. चौकीदार म्हणाला, फळं हिवाळ्यात पिकतात. मी त्याचं एक पान तोडलं, मंग फेकून दिलं. कोणाले दाखवणार?

नामदेव गावी बसून मात्र गप्प राहिला नव्हता. त्यानं अमरावतीच्या कचेरीत अर्ज केला होता — आम्हाले खोल्या का नाकारल्या, नावापुढं धर्म लिहिला म्हणून नाकारल्या का, लेखी उत्तर द्यावं. माझ्या एका शब्दावर त्यानं सरकारशी भांडण काढलं. हे मले दिवाळीनंतर जिन सुरू झाल्यावर कळलं, आणि कळलं तेही कसं — वासुदेव काट्याजवळ सगळ्यांले हसून सांगत होता, "नामदेव सरकारले कोर्टात खेचून राहिला म्हन्ते." का, ते त्याले माहीत नव्हतं. लोक हसले. मीही हसलो.

आठेक दिवसांनी उत्तर आलं. जेवणाची सुट्टी, बॉयलरपुढं वीस-पंचवीस माणसं बसलेली. नामदेव सरळ माझ्यासमोर आला. आवाज चढवला नाही. कागद पुढं धरला आणि म्हणाला, "बळीभौ, अमरावतीहून उत्तर आलं. तू वाच, सगळ्याईले ऐकू दे."

मी कागद घेतला. वरच्याच ओळीत दिसलं — खोल्या मंजूर होत्या, सदर इसम बळीराम यांनी दोघांसह मुक्काम केला, वहीत सही आहे. मले सगळं वाचता आलं. सगळं. आणि मी म्हटलं, "मले कुठं वाचाले येते?"

रहीमभाई म्हणाला, "क्या बोलता बे? कल तो पेपर पढ़ रहा था."

"फोटो पाहून राहिलो होतो."

कोणीतरी हसलं. नामदेव हसला नाही. त्याच्याजवळ तोंड होतं, त्याले वाचता येत होतं, तो तो कागद तिथंच मोठ्यानं वाचून माझी अब्रू काढू शकत होता. दोन ओळींचं काम होतं. त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली.

"नाही येत? मंग मीच बराबर शिकवलं नसन," म्हणाला, आणि गठाणींकडं गेला.

त्याच आठवड्यात पगार. रांगेत नामदेव माझ्यामागं. कारकुनानं टाक माझ्याकडं सरकवला. मी म्हटलं, अंगठा घ्या. "अहो बळीरामजी, तुम्ही तर सही करता ना?" मी म्हटलं, अंगठा घ्या म्हणून सांगून राहिलो ना. त्यानं डबी उघडली. एकदा बोललो ते बोललो — आता मागं कसा येऊ? तसा माझा स्वभाव. चाळीस वर्षं जिन, दुसरं जिन, पोरीच्या लग्नाचे कागद, बँक, मतदान, सगळीकडं अंगठा. बायकोले वाटे मी सही विसरलो. पोरं म्हणत, बाबा अडाणी आहेत, पण हुशार आहेत. नामदेवानं पुढं दुसरीकडं काम धरलं. मधात कधी भेटला तर "बरं हाय का" म्हणे. त्याच्या पुढं कधी गेलं नाही, ना त्याचं, ना माझं.

तो वारला तवा मी गेलो. विहारात लोक मावत नव्हते. त्याचा मुलगा चांगल्या सरकारी नोकरीत. बापासारखाच उभा राहतो. दाराजवळ एक वही ठेवली होती, आलेले लोक त्यात बापाबद्दल दोन ओळी लिहून सही करत होते. मुलानं मले ओळखलं, पाया पडला आणि पेन हातात दिला. "लिहा काका. बाबा नेहमी सांगत, बळीभौले लिहाले-वाचाले मी शिकवलं, बारदानावर."

त्यानं पोराले एवढंच सांगितलं होतं. बाकीचं सांगितलं नव्हतं.

आजूबाजूले माणसं उभी होती. ऐकत होती. मी म्हटलं, "नाही बापा. त्यांचं काही चुकलं असन. मले येत नाही."

मुलगा जरा गोंधळला. मंग अंगठ्याले शाई नाही म्हणून त्यानं पेनच उघडून माझ्या अंगठ्यावर निळी शाई लावली, वहीवर दाबला, आणि बाजूले बारीक, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं — श्री. बळीराम यांचा अंगठा.

मी ते वाचलं. नाव बरोबर लिहिलं होतं.